अभिजात यामिकी ते पुंजयामिकी : डिरॅक यांची मुंबईतील व्याख्याने (१९५४-५५) आणि अध्यापनातील एक दुवा

प्रस्तावना

पदवी स्तरावरील विद्यार्थ्याला पुंजयामिकीचा पहिला परिचय बहुधा अभिजात भौतिकीच्या अपयशांच्या यादीतून होतो. कृष्ण पदार्थाचे प्रारण, प्रकाशविद्युत परिणाम, अणूचे स्थैर्य या ठिकाणी न्यूटन व मॅक्सवेल अपुरे पडले आणि म्हणून नवे शास्त्र जन्मास आले, अशी ही मांडणी असते. ती चुकीची नाही. मात्र तिच्यामुळे जुने शास्त्र मोडीत निघाले, असा विद्यार्थ्याचा ग्रह होतो व आदल्या सत्रात शिकलेली यामिकी तो परीक्षेबरोबरच विसरतो. पुंजयामिकीच्या जन्माचा प्रत्यक्ष इतिहास या समजुतीच्या नेमका विरुद्ध आहे. हा इतिहास घडविणारे पॉल डिरॅक यांनी मुंबईत येऊन हा विषय शिकविला होता, ही बाब महाराष्ट्रातील अध्यापकवर्गातही फारशी बोलली जात नाही.

संस्था आणि पाहुणा

होमी भाभा केंब्रिजला गेले ते यंत्र अभियांत्रिकीसाठी. परंतु १९३० मध्ये ती परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यावर ते गणिताकडे व सैद्धांतिक भौतिकीकडे वळले. तेथे डिरॅक त्यांचे अध्यापक होते. १९३९ मध्ये भारतात परतलेल्या भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा विश्वस्त संस्थेस पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची कल्पना मांडली. योगायोग असा की, त्याच सुमारास पंडित नेहरू अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध होते आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी तेथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’च्या लेखनास प्रारंभ केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये बंगळूर येथे सुरू झाली व त्याच वर्षाअखेर मुंबईत आली. पेडर रोडवरील बंगल्यातून ती १९४९ मध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्याच्या आजच्या वास्तूचे उद्घाटन नेहरूंच्या हस्ते झाले ते १९६२ मध्ये.

१९५४ मध्ये डिरॅक यांना प्रिन्स्टन येथे वर्षभर राहावयाचे होते. परंतु अमेरिकेने त्यांना प्रवेशपरवाना नाकारला. तेव्हाच्या अमेरिकेतील साम्यवादविरोधी संशयाचे वातावरण लक्षात घेता यात नवल नव्हते, तरी या नकारावर तेथील भौतिकशास्त्रज्ञांनी जाहीर टीका केली. डिरॅक भारतात आले आणि काही महिने मुंबईस राहून त्यांनी टाटा संस्थेत पुंजयामिकी व सापेक्षतावादी क्षेत्र सिद्धांत या विषयांवर व्याख्याने दिली. के. के. गुप्ता व जॉर्ज सुदर्शन या दोन तरुण संशोधकांनी त्यांची टिपणे तयार केली व संस्थेने १९५५ मध्ये ती प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या नकाराचा लाभ मुंबईला झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

कंसांचा शोध

डिरॅक यांचे मूळ कार्य कोणते? १९२५ च्या उन्हाळ्यात हायझेनबर्ग यांनी लिहिलेल्या शोधनिबंधाची मुद्रिते राल्फ फाउलर यांच्यामार्फत डिरॅक यांच्या हाती आली. त्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. दोन राशींचा गुणाकार कोणत्या क्रमाने करावा यावर उत्तर अवलंबून राहत होते. हायझेनबर्ग यांना ही अडचण वाटली; डिरॅक यांना तीच किल्ली वाटली. ऑक्टोबरमधील एका रविवारी फिरावयास गेले असता, क्रमबदलाने पडणारा हा फरक अभिजात यामिकीतील ‘प्वासाँ कंसा’सारखा दिसतो, असे त्यांच्या मनात आले. मात्र प्वासाँ कंसाची नेमकी व्याख्या त्यांना आठवेना आणि रविवार असल्याने ग्रंथालय बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिटेकर यांचा वैश्लेषिक गतिशास्त्रावरील ग्रंथ उघडून त्यांनी खात्री करून घेतली. त्यानंतर काही आठवड्यांतच त्यांचा निबंध तयार झाला.

या घटनेतील मर्म असे आहे : नव्या शास्त्राची चावी जुन्या ग्रंथात होती. प्वासाँ यांनी हा कंस १८०९ च्या सुमारास ग्रहगणिताच्या ओघात मांडला होता. हॅमिल्टन यांनी १८३० च्या दशकात यामिकीची जी पुनर्रचना केली तीत त्याला हक्काचे स्थान मिळाले. अभिजात यामिकीत स्थिती व संवेग यांचा प्वासाँ कंस १ असतो. पुंजयामिकीत स्थिती गुणिले संवेग यातून संवेग गुणिले स्थिती वजा केल्यास शून्य उरत नाही. जे उरते ते प्लँकचा स्थिरांक २ पायने भागून काल्पनिक एककाने गुणल्यास येणारी राशी होय. बाकीची समीकरणे मोठ्या प्रमाणात तशीच राहतात. अनिश्चिततेचे तत्त्वही या एका असमानतेतून निघते. ‘उपकरणाचा धक्का लागल्यामुळे मापन चुकते’ हे प्रचलित स्पष्टीकरण त्या मानाने वरवरचे व काहीसे दिशाभूल करणारे आहे.

क्रमाचे महत्त्व शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला समजावून देणे अवघड नाही. आधी नांगरणी व मग पेरणी यांचा जो परिणाम होतो तो आधी पेरणी व मग नांगरणी यांचा होत नाही. येथे ‘क्रिया’ असा शब्द वापरला तर पुंजयामिकीतील कारकांची कल्पना अर्धी पोहोचते.

भिंत आणि बोगदा

अकोले तालुक्यात प्रवरा नदीवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले व १९२६ मध्ये पूर्ण झाले. १९२६ हेच श्रोडिंजर यांच्या तरंग समीकरणाचे वर्ष. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या भिंतीच्या संकल्पनासाठी प्लँकच्या स्थिरांकाची गरज पडली नाही. दर १० मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, हा अभिजात हिशेब पुरेसा होता व आजही आहे. पुरेशी ऊर्जा नसलेले पाणी भिंत ओलांडत नाही. परंतु अणुकेंद्रातील अल्फा कण मात्र आपल्या ऊर्जेपेक्षा उंच अशा विभव-भिंतीपलीकडे सापडतो. १९२८ मध्ये गॅमो यांनी, तसेच गर्नी व कॉन्डन यांनी स्वतंत्रपणे, याचा उलगडा तरंग समीकरणाच्या आधारे केला.

दोन्हींत फरक का पडतो हे आकड्यांवरून दिसते. प्लँकचा स्थिरांक ६.६२६ गुणिले १० चा उणे ३४ वा घात ज्यूल-सेकंद एवढा सूक्ष्म आहे. १०० व्होल्टने प्रवेगित इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.१२ नॅनोमीटर येते, म्हणजे स्फटिकातील अणूंच्या अंतराएवढी. सेकंदाला ३० मीटर वेगाने जाणाऱ्या १६० ग्रॅमच्या क्रिकेटच्या चेंडूची तरंगलांबी १० चा उणे ३४ वा घात मीटर या पातळीची येते व ती कोणत्याही उपकरणास जाणवणार नाही. चेंडूसाठी नियम वेगळे नाहीत. स्थिरांक नगण्य ठरतो एवढेच.

परिभाषा आणि पेपर

मराठी परिभाषेत जुन्या यामिकीला ‘रूढ’ व ‘अभिजात’ अशी दोन्ही विशेषणे लावली जातात. ‘रूढ’ म्हटल्यावर टाकून देण्याजोगी चाल डोळ्यांपुढे येते. ‘अभिजात’ म्हटल्यावर टिकून राहिलेले काही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी भाषेला लाभलेल्या दर्जातही हाच शब्द आहे. डिरॅक यांची कथा पाहता दुसरे विशेषण अधिक योग्य ठरते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थी दहावीपर्यंत ‘संवेग’ व ‘ऊर्जा’ मराठीत शिकतात आणि पदवीला त्याच संकल्पना इंग्रजीत भेटतात. त्यातच तृतीय वर्षात अभिजात यामिकी व पुंजयामिकी हे बहुधा स्वतंत्र पेपर असतात व अनेकदा ते वेगवेगळे अध्यापक शिकवितात. प्वासाँ कंस पहिल्या पेपरच्या अखेरीस, म्हणजे वेळ उरल्यासच, शिकविला जातो. दुसरा पेपर कृष्ण पदार्थाच्या प्रारणापासून सुरू होतो. दोहोंमधील पूल कोणाच्याच वाट्याला येत नाही. १९५५ ची ती टिपणे तयार करणारे सुदर्शन तेव्हा चोविशीच्या आत होते. पुढे त्यांनी मार्शाक यांच्यासह दुर्बल आंतरक्रियेचा सिद्धांत मांडला. आजच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याहून ते तीन-चार वर्षांनीच मोठे होते. प्वासाँ कंसाच्या दोन तासिका पुंजयामिकीच्या पेपरच्या आरंभी घेण्यास अभ्यासक्रमातील बदलाची वाट पाहावी लागत नाही; दोन अध्यापकांनी आपापसांत ठरविले तरी पुरेसे आहे.