पुष्पकाच्या पॅनेलची कुळकथा

जुने हलके विमान पुन्हा उडते करायचे ठरले, की पहिला वाद रंगतो तो रेडिओवरून. कुठल्या कंपनीचा घ्यायचा, पडदा किती मोठा, नकाशा रंगीत दिसतो का. हा वाद कॅटलॉग चाळून मिटत नाही. पॅनेलवरचे प्रत्येक उपकरण कुठल्या ना कुठल्या अडचणीतून जन्मले आहे. ती अडचण आपल्या विमानाला आजही आहे का, एवढे पाहिले तर निवड बरीच सोपी होते.

उदाहरणाला पुष्पक घेऊ. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने बांधलेले, दोन आसनांचे, कापडी अंगाचे हे विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडाले. तिथल्या डिझाइन विभागाची धुरा डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याकडे होती. कोल्हापूरकडचा हा माणूस ग्यॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेला. दीडशेहून अधिक पुष्पके बनली आणि देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत वैमानिकांच्या पिढ्या त्यांवर हात बसवून गेल्या. पुष्पकाचे ९० अश्वशक्तीचे इंजिन पंखा हाताने फिरवून सुरू करायचे. इंजिनावर स्टार्टर नाही, जनरेटरही नाही. मॅग्नेटो ठिणगीपुरती वीज निर्माण करतो, रेडिओला पुरेल अशी वीज देणारे तिथे कोणी नाही. पुष्पकात रेडिओ निवडणे म्हणजे आधी विजेचा हिशेब मांडणे, ते याचमुळे.

विजेशिवाय माणसे उडत होतीच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथमधून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवर वाट दाखवणारे यंत्रही नव्हते. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि डोळे, एवढ्यावर भागायचे. रेल्वेचे रूळ हा त्या काळच्या वैमानिकांचा मोठा आधार. नागपूर त्यासाठी आदर्श शहर आहे. धंतोलीच्या पूर्वेकडून जाणारे रूळ वरून स्पष्ट दिसतात, उत्तरेला डायमंड क्रॉसिंगपाशी चारी दिशांच्या लोहमार्गांची फुली पडते, पश्चिमेला अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाड्याचे पाणी. शिवाय इथे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच असल्याने होकायंत्राच्या आकड्यात फारशी वजाबाकीही करावी लागत नाही. २०२१ साली आरोही पंडितने जेआरडींच्या त्या उड्डाणाच्या स्मरणार्थ भूजहून जुहूपर्यंत छोटे विमान नेले, तेही जीपीएसशिवाय. ही विद्या जिवंत आहे आणि पुष्पकाच्या पॅनेलवर तिचाच पहिला मान आहे.

पण ही विद्या दिवसाची. रात्री रूळ दिसत नाहीत, आणि नागपूरची खरी कहाणी रात्रीची आहे. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या गावी परते. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात मिळू लागले ते या मध्यरात्रीच्या भेटीमुळे. रात्रीचे काळे जंगल ओलांडून चार दिशांची विमाने रोज एकाच धावपट्टीवर आणायची, तर डोळ्यांना दिसत नाही ते दाखवणारे काहीतरी हवेच.

ते काम करणारी सुई म्हणजे एडीएफ, अर्थात स्वयंचलित दिशाशोधक. तारेच्या वेटोळ्याचा अँटेना फिरवला की रेडिओचा आवाज एका दिशेला मोठा आणि एका दिशेला जवळजवळ बंद होतो, यावरून प्रक्षेपण कुठून येते ते कळते. इटलीच्या बेलिनी आणि तोसी यांनी १९०७ च्या सुमारास वेटोळे न फिरवता याच तत्त्वावर चालणारा दिशाशोधक बनवला. पुढे वेटोळे आपोआप फिरू लागले आणि पॅनेलवरची सुई थेट केंद्राकडे बोट दाखवू लागली. विमानतळावरचा बीकन, म्हणजे एनडीबी, फार साधा असतो. एक खांब, एक प्रक्षेपक, मोर्समध्ये स्वतःचे नाव सांगत बसलेला. त्याच्या लहरी आकाशवाणीच्या मध्यम लहरींना लागूनच आहेत, त्यामुळे ही सुई आकाशवाणीच्या खांबाकडेही वळते. जुलै १९४८ मध्ये सुरू झालेले नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर लावून गाणी ऐकत घरी परतता येई. जगभरचे जुने वैमानिक आपापल्या शहरांच्या केंद्रांवर असेच परतत. मला या सुईबद्दल फार जिव्हाळा आहे. तरी तिचा दोष सांगितलाच पाहिजे. विजा चमकू लागल्या की ती बीकन सोडून वादळाकडे वळते. विदर्भात जूनच्या सुरुवातीला, वैमानिकाला तिची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी, ती सर्वात कमी विश्वासाची.

हा दोष काढायला व्हीओआर आले. नागपूरची टपालसेवा सुरू झाली त्याच १९४९ साली आंतरराष्ट्रीय नागरी हवाई संघटनेने व्हीओआरला मानक म्हणून स्वीकारले. दीपस्तंभाचा झोत फिरतो तसा त्याचा संकेत सेकंदाला ३० वेळा चहूकडे फिरतो, सोबत एक स्थिर संकेत असतो, आणि दोघांमधल्या फरकावरून आपण केंद्राच्या कोणत्या अंशावर आहोत ते कळते. सोनेगावपासून धंतोली ईशान्येला सहा-एक किलोमीटरवर आहे. त्यामुळे धंतोलीच्या डोक्यावर आलेल्या विमानाला नागपूरचे व्हीओआर ४० अंशांच्या आसपासची रेघ दाखवील. हेडसेटमध्ये ‘डा-डिट, डा-डिट, डिट-डा-डा-डिट’ ऐकू आले की समजायचे, एनएनपी, म्हणजे नागपूर. विजांचा त्याला जवळपास उपद्रव नाही. मात्र या लहरी सरळ रेषेत जातात. जमिनीपासून ३,००० फुटांवर सुमारे १२० किलोमीटरपर्यंतच त्यांचा भरवसा, म्हणजे वर्धा आत आणि अमरावती बाहेर. सावकाश आणि खालून उडणाऱ्या पुष्पकाने हे लक्षात ठेवायला हवे.

बोलण्याच्या आजच्या व्हीएचएफ रेडिओचे कूळ दुसऱ्या महायुद्धातले. लढाऊ वैमानिकांना मोर्सची किल्ली बडवत बसणे शक्य नव्हते, म्हणून व्हीएचएफवर माणसाचा आवाज आला. आजही विमाने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये जुन्या एएम पद्धतीनेच बोलतात. एफएममध्ये बलवान आवाज दुबळ्याला पूर्ण झाकून टाकतो. एएममध्ये दोघे एकदम बोलले तर शिट्टी ऐकू येते आणि आणखी कोणीतरी बोलतो आहे हे तरी कळते. पूर्वीचे व्हॉल्व्हचे संच जड आणि विजेला अधाशी होते. ट्रान्झिस्टरने ते चित्र पालटले. आता ५७ मिलिमीटरच्या गोल खिडकीत मावणारा, अर्ध्या किलोच्या आसपासचा संच छोट्या बॅटरीवर दुपारभर चालतो. युरोपात २०१८ पासून ८.३३ किलोहर्ट्झ अंतराच्या वाहिन्या सक्तीच्या झाल्या, तेव्हा तिथले जुने संच स्वस्तात मिळाले तरी मोहात पडू नये. घ्यायचा तर ८.३३ जमणाराच घ्यावा.

संच चांगला घेऊनही आवाज खरखरतो, तेव्हा दोष बहुधा दुसरीकडे असतो. मॅग्नेटोच्या तारांना धातूचे जाळीदार आवरण नसेल तर प्रत्येक ठिणगी हेडसेटमध्ये फुटते. कापडी विमानात अँटेनाखाली धातूचा पत्रा नसतो. साठ-एक सेंटिमीटरच्या अँटेनाला तेवढ्याच त्रिज्येच्या पट्ट्या आतून पसरून द्याव्या लागतात. आणि स्पीकरचा लोहचुंबक होकायंत्राशेजारी बसवला तर शंभर वर्षांची विद्या एका स्क्रूने बिघडते. नवे काही बसवल्यावर होकायंत्राचा स्विंग, म्हणजे त्याची चूक तपासणे, पुन्हा करण्याला पर्याय नाही.

उपग्रहांनी हे सगळे कालबाह्य केले, असे म्हणण्याची घाई होते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाचे गगन जीपीएसच्या चुका भारतभर दुरुस्त करते. २०१५ साली त्याला उतरण्याच्या मार्गदर्शनासाठीही मान्यता मिळाली. विषुववृत्ताजवळच्या चंचल आयनोस्फियरवर हे साधणे मोठी गोष्ट आहे आणि तिचा अभिमान वाटावा. पण उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो, तो दडपता येतो आणि खोटाही पाठवता येतो. म्हणून जीपीएस जरूर असावे, एकटे असू नये. अपघातात हाक मारणारे ईएलटी ४०६ मेगाहर्ट्झचेच हवे. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह १२१.५ मेगाहर्ट्झवर ऐकत नाहीत. जुन्या विमानात जुने ईएलटी तसेच राहिले असेल, तर त्याची हाक उपग्रहापर्यंत पोचणारच नाही.

तेव्हा पुष्पक उडते करणाऱ्यांना माझे सांगणे असे. आधी बॅटरी आणि तिची क्षमता ठरवा. मग बोलण्याचा एक उत्तम संच घ्या, ४०६ चे ईएलटी घ्या, आणि नियंत्रित हवाई क्षेत्रात जायचे असेल तर रडारला उत्तर देणारा ट्रान्स्पाँडर. चार महानगरांचे हवाई मार्ग नागपूरवर एकमेकांना छेदतात, इथे तो लागणारच. त्यानंतर वीज आणि वजन उरले तर व्हीओआर. एडीएफ चालू असेल तर काढू नका, नसेल तर नव्याने बसवू नका. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मंजुरी हाती आल्याशिवाय पॅनेलला भोक पाडू नका. होकायंत्र मूळ जागीच राहू द्या आणि कागदी नकाशा गुडघ्यावर ठेवा.