पॅरिश परिषदेचे अनुदान
इंग्लंडमधील पॅरिश परिषद म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी सर्वांत खालची स्थानिक संस्था. गावातील स्वयंसेवी मंडळांना ती अनेकदा १९७२च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम १३७खाली अनुदान देते. गावाला होणारा थेट लाभ खर्चाला साजेसा हवा, ही त्यातील अट. खर्चाची कमाल मर्यादा मात्र मतदारसंख्येवर ठरते : २०२४-२५ साली प्रतिमतदार १०.८१ पौंड. म्हणजे ३०० मतदारांच्या गावात साऱ्या मंडळांसाठी मिळून वर्षाला जेमतेम ३,२४३ पौंड. २,००० पौंडांहून अधिक रक्कम घेणाऱ्या संस्थेला बारा महिन्यांत विनियोगाचे लेखी विवरण द्यावे लागते. २०११च्या कायद्यानुसार सर्वसाधारण अधिकार स्वीकारलेल्या परिषदा या मर्यादेतून सुटतात; त्यासाठी दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले आणि चिटणीस पात्रताधारक असावा लागतो. लहान गावांना हे जुळवणेच कठीण जाते.