इंचाचा सहस्रांश आणि यंत्रांचे मेळे

चार देश पाहावे, जाणत्यांच्या बैठकींत बसावें, म्हणजे अंगीं शहाणपण येतें, असें आपल्याकडे मुलांना लहानपणींच शिकवितात. परंतु हा उपदेश पंडितांसाठीं आहे, कारागिराला त्याचें काय, असें पुष्कळांना वाटतें. कारागिरानें आपल्या दुकानांत मान खालीं घालून काम करावें व हातची युक्ति परक्यास दाखवूं नये, ही समजूत फार जुनी आहे. आजच्या भाषणांत या समजुतीची परीक्षा मी इतिहासाच्या आधारें करणार आहें. आणि त्यासाठीं ज्या धंद्यांत इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवावा लागतो, तो अचूक यंत्रकामाचा धंदा निवडला आहे. मी यंत्रज्ञ नव्हे. माझें आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतींत गेलें. परंतु इतिहासाच्या शिक्षकालाहि या धंद्याकडून शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

प्रारंभ जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिरापासून करूं. १८०३ सालीं जन्मलेला हा गृहस्थ लंडन येथें हेन्री मॉडस्ले याच्या कारखान्यांत काम शिकला व १८३३ सालीं त्यानें मँचेस्टर येथें आपलें दुकान थाटलें. १८४० सालीं ग्लासगो येथें ब्रिटिश असोसिएशनची सभा भरली असतां तेथें त्यानें एक निबंध वाचला. विषय दिसावयास अगदीं साधा होता : लोखंडी पाटाचा पृष्ठभाग खरोखर सपाट कसा करावा? दोन पाट एकमेकांवर घासले तर ते जुळतात खरे. परंतु त्यांतील एक किंचित् फुगीर व दुसरा तितकाच खोलगट असला तरीहि ते बेमालूम जुळतात! म्हणून तिसरा पाट घ्यावा व तिन्ही पाट आळीपाळीनें एकमेकांशीं ताडून पाहावे. रंग लावून उंचवटा शोधावा आणि तो तासणीनें खरवडून काढावा. तिघे परस्परांशीं जुळले म्हणजेच ते सपाट ठरतात. श्रोतेहो, दोघांचें एकमत झालें म्हणजे तें सत्यच असतें असें नाहीं. तिसऱ्याची साक्ष लागते. सभांचें प्रयोजन सांगण्यास यापेक्षां चांगला दृष्टांत मला सुचत नाहीं.

पुढल्याच वर्षीं, म्हणजे १८४१ सालीं, व्हिटवर्थनें लंडनच्या स्थापत्य-अभियंत्यांच्या संस्थेपुढें दुसरा निबंध ठेवला. त्या काळीं प्रत्येक कारखान्याचे बोल्टांचे आटे निराळे असत. एका गांवच्या यंत्राचा बोल्ट हरवला तर दुसऱ्या गांवचा बोल्ट त्यास बसत नसे. ज्याचें यंत्र त्याच्याच दारीं जावें लागे. व्हिटवर्थनें निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, त्यांचीं मापें घेतलीं आणि त्यांच्या सरासरीवरून आट्यांचें एक समान कोष्टक बसविलें. आट्याचा कोन ५५ अंश धरला. त्यानें आपल्या दुकानाचें माप जगावर लादलें नाहीं, अनेकांच्या मापांतून तें काढलें; म्हणूनच तें अनेकांस मानवलें. हें कोष्टक त्यानें तिजोरींत कुलूप लावून ठेवलें असतें, तर तें केवळ एका दुकानाची खूण होऊन राहिलें असतें. सभेंत मांडलें म्हणून तें देशाचें माप झालें.

आतां १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनाकडे वळूं. हाइड पार्कमधील कांचेच्या प्रचंड मंडपांत सहा महिन्यांच्या आंत सुमारें साठ लक्ष वेळां लोकांची हजेरी लागली. इंचाच्या दशलक्षांशापर्यंतचा फरक दाखविणारें व्हिटवर्थचें मापनयंत्र तेथें होतें, आणि यंत्रविद्येंत इंग्लंडचा हात धरणारा कोणी नाहीं अशी इंग्रजांची खात्री होती. अमेरिकेचा विभाग इतका विरळ होता कीं प्रथम वर्तमानपत्रांनीं त्याची थट्टाच केली. परंतु तेथें व्हरमाँट संस्थानांतील रॉबिन्स आणि लॉरेन्स या कारखान्यानें सहा बंदुका मांडल्या होत्या. त्यांचा विशेष हा कीं एका बंदुकीचा कोणताहि भाग काढून दुसरीस बसवावा, तो कानस न लावतां बसे. हातांनीं घासून जुळविण्याची ज्यांना संवय होती, त्यांना हें नवल वाटलें.

इंग्रजांचा खरा शहाणपणा असा कीं ते केवळ नवल करून थांबले नाहींत. १८५३ सालीं न्यूयॉर्क येथें प्रदर्शन भरलें, तेव्हां सरकारनें व्हिटवर्थ व जॉर्ज वॉलिस यांना तिकडे पाठविलें. ते पोंचले तों प्रदर्शनाची मांडणीच पुरी झाली नव्हती! दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून परतला असता. या दोघांनीं तो वेळ अमेरिकेंतील कारखाने पाहण्यांत घालविला, आणि १८५४ सालीं आपले अहवाल पार्लमेंटपुढें ठेवले. मेळ्याचा लाभ मांडवांतच असतो असें नाहीं; कित्येकदां तो मांडवाकडे जाणाऱ्या वाटेवर सांपडतो.

१८५४ सालींच दुसरी एक सरकारी समिति अमेरिकेस गेली. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारांत तिनें १८४४ पासून १८५३ पर्यंतच्या दहा वर्षांतील दरसाल एक याप्रमाणें दहा बंदुका निवडल्या, त्या सुट्या करविल्या, सर्व भाग एकमेकांत मिसळले आणि कारागिराला जोडावयास सांगितलें. त्यानें त्या बिनचूक जोडल्या. मग समितीनें अमेरिकन यंत्रें विकत घेतलीं, आणि १८५७ च्या सुमारास एनफील्डच्या सरकारी कारखान्यांत त्यांवर काम सुरू झालें. एनफील्ड हें नांव त्याच वर्षाच्या उठावामुळें आपल्या इतिहासांतहि कायमचें नोंदलें गेलें आहे.

परंतु या कथेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या रॉबिन्स आणि लॉरेन्स कारखान्यानें लंडनांत लोकांचे डोळे दिपविले, त्यानें पुढें इंग्रज सरकारच्या बंदुकांचा झेपेनासा मोठा मक्ता अंगावर घेतला आणि १८५६ च्या सुमारास तो बुडाला. प्रदर्शनांत मिळालेली कीर्ति व्यवहारांतील हिशेब सांभाळीत नाहीं! मात्र त्या कारखान्यांत तयार झालेले कुशल कारागीर दुसऱ्या कारखान्यांत गेले आणि ती विद्या जिवंत राहिली. पेढी बुडाली, ज्ञान बुडालें नाहीं.

१८६७ सालच्या पॅरिस प्रदर्शनाची हकीकत अधिक गोड आहे. अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स येथील जोसेफ ब्राउन आणि लुशियन शार्प हे भागीदार तेथें गेले होते. हिंडतां हिंडतां त्यांना पामर नांवाच्या फ्रेंच कारागिरानें केलेलें, मळसूत्रावर चालणारें एक लहानसें माप दिसलें. पामरनें त्याचें पेटंट १८४८ सालींच घेतलें होतें. म्हणजे एकोणीस वर्षें ती वस्तु जगांत होती. या दोघांनीं एक नमुना घरीं नेला, त्यांत सुधारणा केली, १८६८ सालीं पत्र्याची जाडी मोजणारें खिशांतलें माप विक्रीस काढलें, आणि १८७७ सालीं एक इंचापर्यंत मोजणारा मायक्रोमीटर बाजारांत आणला. आज प्रत्येक यंत्रशाळेंतील मुलाच्या हातीं जें माप असतें, त्याच्या वंशावळींत पॅरिसच्या मांडवांतील ही फेरी आहे. वस्तु शोधणारा एक असतो, तिचें मोल ओळखणारा दुसरा. दोघांची भेट कोठें तरी व्हावी लागते.

१९०० सालीं पुन्हां पॅरिस येथेंच फ्रेडरिक टेलर व मॉन्सेल व्हाइट यांच्या नव्या पोलादाचें प्रात्यक्षिक झालें. हत्याराचें टोंक तापून लाल झालें तरी धार न बोथटतां लोखंड कापीत राही. कागदावर वाचून कोण विश्वास ठेवणार? प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना मात्र कळून चुकलें कीं आतां आपलीं जुनीं यंत्रें या वेगापुढें टिकावयाचीं नाहींत, तीं अधिक बळकट बांधलीं पाहिजेत.

आणि सभा एकत्र न बसल्या तर काय होतें? १८६४ सालीं फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन संस्थेंत विल्यम सेलर्सनें आट्यांची दुसरी पद्धति मांडली. तिचा कोन ६० अंशांचा. दोन्ही पद्धति सभांतूनच जन्मल्या, पण निरनिराळ्या सभांतून. परिणाम असा कीं दुसऱ्या महायुद्धांत दोस्त राष्ट्रांचे बोल्ट एकमेकांच्या यंत्रांस बसेनात. अखेर १९४८ सालच्या नोव्हेंबरांत वॉशिंग्टन येथें अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनीं एकाच कोष्टकावर सह्या केल्या. पांच अंशांचा तो फरक मिटावयास चौऱ्यायशीं वर्षें लागलीं!

आपल्या देशांतहि यंत्रें तयार करणाऱ्यांची संस्था १९४६ सालीं स्थापन झाली आणि १९६९ सालीं मुंबईस तिचें पहिलें ‘इम्टेक्स’ प्रदर्शन भरलें. आतां तें बंगळूरास भरतें. भोसरीचा किंवा कोल्हापूरचा लहान कारखानदार विचारतो : गाडीभाडें, राहण्याचा खर्च आणि चार दिवसांचें बंद काम, हें सारें कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. नुसतें हिंडून, रंगीत पत्रकांची पिशवी भरून परतणाराला खरोखरच कांहीं मिळत नाहीं. परंतु आपल्या दुकानांत रोज कोणता भाग बिघडतो, किती माल नाकारला जातो, हें टिपून जो जाईल, सोबत मालकाबरोबर यंत्रावर उभा राहणारा कारागीरहि नेईल, आणि परतल्यावर पाहिलेल्यांपैकीं एक तरी गोष्ट करून पाहील, त्याचें भाडें वसूल झाल्यावांचून राहणार नाहीं.

आपलें माप बरोबर आहे, हें आपल्याच मापानें कधींहि सिद्ध होत नाहीं. तें दुसऱ्याच्या मापाला लावूनच पाहावें लागतें. आणि त्यासाठीं घराबाहेर पडण्यावांचून गत्यंतर नाहीं.