लाकडी बैल आणि पडद्यातलं जनावर

यवतमाळ जिल्ह्यात पोळा एका दिवसात आटपत नाही. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांवर हळद आणि तूप चोळलं जातं आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं जातं. श्रावण अमावास्येला नाल्यावर अंघोळ, शिंगांना रंग, अंगावर गेरूचे ठिपके, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, नवी वेसण, नवा कासरा. संध्याकाळी तोरणाखाली गावभरच्या जोड्या उभ्या राहतात, तोरण तुटतं, बैल घरोघरी ओवाळले जातात, पुरणपोळी खातात. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, हाच सगळा सोहळा लहान आकारात पुन्हा होतो. त्या दिवशी बैल लाकडाचे असतात आणि त्यांचे मालक पाच-सात वर्षांचे.

हा तान्हा पोळा. चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढत पोरं चौकात किंवा देवळासमोर येतात. रांग लागते, तोरण बांधलं जातं, आरती होते, सजावटीला बक्षिसं मिळतात. मग बैल घेऊन ओळखीच्या घरी जायचं. तिथली बाई बैलाच्या पायावर पाणी घालते, त्याला कुंकू लावते आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे चार पैसे, कधी खाऊ. खऱ्या पोळ्यात बैल दारी आणणाऱ्या गड्याला जो मान मिळतो, तोच इथे पोराला मिळतो.

जिवंत नसलेलं जनावर लहान मुलाला पाळायला द्यावं का, हा प्रश्न गेली तीसेक वर्षं जगभर विचारला जातो. तो विचारला जातो संगणकावरच्या आणि मोबाइलमधल्या आभासी पाळीव प्राण्यांबद्दल. विदर्भात मात्र असलं जनावर मुलांच्या हाती देण्याची रीत दोनशे वर्षांहून जुनी आहे. म्हणून पडद्यातल्या मांजराचा निवाडा करायचा तर इथल्या लाकडी बैलाला साक्षीला बोलवायला हरकत नाही.

तान्ह्या पोळ्याची सुरुवात नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये केली, असं परंपरा सांगते. मुलांना बैलाचं मोल कळावं, हा हेतू. या सालामागचा इतिहास जड आहे. तीनच वर्षं आधी, नोव्हेंबर १८०३ मध्ये, अडगावच्या लढाईत इंग्रजांकडून रघुजींचा पराभव झाला, डिसेंबरात गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहात कटक गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाडही गेला. वऱ्हाडात त्यापूर्वी निजाम आणि भोसले या दोघांचा अंमल होता, वसुलीत दोघांचा वाटा होता. तहानंतर भोसल्यांचा वाटा संपला. आजचा यवतमाळ जिल्हा नदीच्या याच पश्चिम अंगाला आहे.

म्हणजे परंपरेचं साल खरं धरलं, तर तान्हा पोळा सुरू झाला तेव्हा हा मुलूख नागपूरकरांचा राहिलाच नव्हता. इथे तो कुणाच्या हुकमाने आला नाही. वर्ध्याच्या दोन्ही काठांवर सोयरीक होती, बाजार होते, बैलांची खरेदी-विक्री होती. त्याच वाटांनी पोरांचा हा सणही ओलांडून आला असावा. पुढे इंग्रजी अंमलात या भागाचा जिल्हा वणीच्या नावाने ओळखला गेला. १९०५ मध्ये पुसदचा भाग जोडून यवतमाळ जिल्हा झाला. कागदावरच्या हद्दी बदलत राहिल्या, सण टिकला. आज नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा साऱ्या विदर्भात नावाजलेला आहे. तिथले लाकडी नंदी माणसाच्या उंचीलाही मागे टाकतात.

खेळातला किंवा पूजेतला बैल महाराष्ट्राला त्याहून फार जुना. घोड नदीकाठच्या इनामगावच्या उत्खननात मातीच्या पेटीत ठेवलेली एक स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत मातीचा बैल सापडला. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझची जी चार शिल्पं मिळाली, त्यांत बैलजोडीचा एक रथ आहे, आणि बाकीची जनावरंही चाकांवर ओढता येतील अशी घडवलेली आहेत. ती खेळणी होती की मिरवणुकीतली दैवतं, यावर अभ्यासकांत वाद आहे. तान्ह्या पोळ्यातल्या बैलाकडे पाहिलं की वाटतं, दोन्ही असायला काय अडचण आहे?

हा बैल जवळून पाहण्यासारखा आहे. खाली लाकडाची पाटी, तिला चार चाकं. पाटीवर चार पाय ठोकलेले, त्यांवर एका ठोकळ्यातून काढलेलं धड. वशिंड मात्र ठसठशीत, कारण वशिंडाशिवाय तो बैल वाटत नाही. शिंगं बहुधा वेगळी बसवलेली आणि पहिल्याच वर्षी एखादं हमखास तुटणारी. कान, शेपटी, कपाळावरचा टिळा रंगाने काढलेला. यवतमाळचं जंगल सागाचं, त्यामुळे चांगला बैल सागवानी असतो आणि तो भावंडांत, पुढे भाच्या-पुतण्यांत फिरतो. दरवर्षी पोळा जवळ आला की माळ्यावरून उतरवायचा, धूळ पुसायची, नवा रंग द्यायचा, आईच्या जुन्या साडीच्या काठाची झूल शिवायची. हे सगळं मूल एकटं करत नाही. रंग बाप आणतो, झूल आजी शिवते, तुटलेलं शिंग शेजारचा सुतार चिकटवून देतो. आणि संध्याकाळी बोजारा वाटून झाला की बैल परत माळ्यावर जातो. वर्षभर तो मुलाकडे काही मागत नाही.

पडद्यातलं जनावर मागत राहतं. तिथेच फरक पडतो.

जपानच्या बंदाई कंपनीने नोव्हेंबर १९९६ मध्ये तामागोची बाजारात आणलं. अंड्याएवढं यंत्र, तीन बटणं आणि इवल्या पडद्यावर एक जीव. तो भुकेला की वाजायचा, घाण केली की वाजायचा. दुर्लक्ष झालं तर मरायचा. मुलं तो शाळेत नेऊ लागली, वर्गात बीप-बीप सुरू झाली आणि अनेक देशांत शाळांनी त्यावर बंदी घातली. पण निदान एकदा यंत्र विकल्यावर बंदाईला मुलाकडून रोज काही नको होतं.

पुढचा टप्पा संकेतस्थळांचा. ब्रिटनमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या निओपेट्सवर प्राणी कितीही उपाशी राहिला तरी मरत नव्हता. तिथे येणं फुकट होतं आणि कमाई जाहिरातींची होती. जाहिरात पानाच्या कडेला नसून खेळाच्याच पोटात घातलेली असे, म्हणजे खाऊच्या कंपनीचा खेळ खेळून प्राण्यासाठी नाणी कमवायची. आठ वर्षांच्या मुलाला यातला खेळ कुठे संपतो आणि विक्री कुठे सुरू होते, हे कसं कळावं? व्हायाकॉमने २००५ मध्ये हे स्थळ १६ कोटी डॉलरला विकत घेतलं. मुलांच्या लळ्याला बाजारात काय भाव येतो, हे त्या आकड्यावरून कळतं. त्याच वर्षी कॅनडातून दोन नवी स्थळं आली. वेबकिन्झमध्ये दुकानातून कापडी प्राणी आणायचा, त्याच्यासोबतच्या गुप्त क्रमांकाने त्याचं आभासी रूप उघडायचं, आणि वर्षाने खातं चालू ठेवायला नवा प्राणी घ्यायचा. क्लब पेंग्विनमध्ये पफल नावाचे गोंडस जीव पाळता येत. पैसे भरणाऱ्या मुलाला हव्या त्या रंगाचे, न भरणाऱ्याला दोनच रंगांचे. डिस्नेने ते २००७ मध्ये ३५ कोटी डॉलरला घेतलं आणि २०१७ च्या मार्चमध्ये बंद केलं. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं जीव लावला होता, त्यांचे पफल त्या दिवशी गेले.

यवतमाळ, पुसद, वणीच्या घरांत या संकेतस्थळांचा काळ फारसा आलाच नाही. इथे थेट मोबाइल आला आणि त्यासोबत बोलकं मांजर टॉम. २०१० मध्ये ते फक्त मुलाचे शब्द चिरक्या आवाजात परत म्हणायचं. २०१३ पासून त्याला खाऊ घालावं, न्हाऊ घालावं, झोपवावं लागू लागलं. फोन आईबापांचा, मांजर मुलाचं. मुलाला जेवताना मोबाइल हवाच, ही तक्रार आता शहरापुरती उरलेली नाही. याच मांजराच्या खेळात प्रौढांच्या भेटीगाठींच्या स्थळाची जाहिरात लहान मुलांना दिसली, म्हणून ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०१५ मध्ये त्या जाहिरातीविरुद्धची तक्रार मान्य केली. आणि निओपेट्सच्या ६ कोटी ९० लाख खात्यांची माहिती २०२२ मध्ये चोरीला गेली. त्यातली कितीतरी खाती मालकांनी लहानपणी उघडलेली होती. मुलाने दिलेलं नाव, जन्मतारीख, ईमेल ही माहिती मुलाचा खेळ सुटल्यावरही पडून राहते.

हेवादावा तान्ह्या पोळ्यातही आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. सावकाराच्या पोराचा नंदी मोठा, मजुराच्या पोराचा तळहाताएवढा. मृच्छकटिक नाटकात चारुदत्ताचा मुलगा शेजारच्या पोराची सोन्याची गाडी पाहून आपल्या मातीच्या गाडीसाठी रडतो, त्याला दीड हजार वर्षं झाली. बक्षिसांचे फलक आणि पुढाऱ्यांचे बॅनर आले तेव्हापासून ही चढाओढ वाढलीच आहे. पण एक मोठेपण या सणाचं मान्य करावं लागेल. आदल्या दिवशीच्या पोळ्यात ज्याच्या गोठ्यात जोडी आहे तोच तोरणाखाली उभा राहतो. दुसऱ्या दिवशी भूमिहीन मजुराचं लेकरूही बैल घेऊन रांगेत येतं आणि त्याच्याही बैलाच्या पायावर पाणी पडतं. छोट्या बैलाला रांगेबाहेर काढणारी पैशाची अट तिथे नाही. पफलच्या रंगांची अट कंपनीने मुद्दाम घातली होती.

दुसरा फरक मोठ्या माणसांचा. तान्ह्या पोळ्यात मूल ज्यांच्या दारी जातं ते त्याला नावाने ओळखतात. पडद्यावर मुलाशी बोलणारा दहा वर्षांचा आहे की चाळीस, हे कुणीच सांगू शकत नाही. अमेरिकेने १९९८ मध्ये कायदा करून १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय घ्यायला बंदी केली. त्यानंतर अनेक स्थळांनी लहानग्यांना गप्पांच्या जागा बंद केल्या. मुलांनी जन्मसाल खोटं टाकून वाट काढली.

आभासी प्राण्यांत काहीच चांगलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्या घरात भाड्याच्या दोन खोल्या आहेत, किंवा भावंडाला दमा असल्याने मांजर पाळता येत नाही, तिथे वेळेवर खाऊ घालण्याचा नेम मुलाला यातून लागू शकतो. तामागोचीचं मरण पाहून रडलेल्या मुलांना काहीतरी कळलंही असेल. अडचण अशी की नंतरच्या खेळांनी मरण काढून टाकलं आणि त्या जागी दुकान आणलं. दुर्लक्षाचा परिणाम आता एवढाच, की मांजर सूचना पाठवून परत बोलावतं. काळजी घेणं म्हणजे बटण दाबणं आणि नाणी मोजणं, हा धडा पाच वर्षांच्या मुलाला देऊ नये.

लाकडी बैलाचं बळ खऱ्या बैलातून येतं, आणि खरी काळजी इथेच आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या नर गोवंशाची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली निघाली. मशागत ट्रॅक्टरने होते, जोडीचा चारा परवडत नाही, आणि कापसाच्या भावाने मोडलेल्या घरात सगळ्यात आधी बैल विकला जातो. गेल्या काही वर्षांत यवतमाळच्या पोळ्यात झुलीऐवजी पाठीवर रंगवलेल्या मागण्या घेऊन बैल उभे राहिले आहेत. ज्या मुलाने बैलाच्या नाकाचा ओलावा, शेणाचा वास, खांद्यावरचा घट्टा कधी अनुभवला नाही, त्याच्या हातातला लाकडी नंदी पडद्यातल्या मांजराच्या फार दूर उरत नाही. दोन्ही नुसती सजवायची बाहुली होतात.

म्हणून निवाडा वयानुसार द्यावा लागेल. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशी २०२१ पासून उपलब्ध आहेत: दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्यांच्या सोबत, पाच ते दहात दोन तासांहून कमी. या वयात स्वतःचं खातं, गप्पांची सोय, जाहिराती आणि विकत घ्यायच्या वस्तू असलेलं कोणतंही आभासी पाळीव जनावर योग्य नाही. यांतलं काहीच नसलेला साधा खेळ, पालकाच्या शेजारी बसून, ठरलेल्या वेळेत, चालेल. आणि शक्य असेल तर आधी एखादं खरं जनावर दाखवावं, भले ते मामाच्या गोठ्यातलं असो.

कायद्याची मदत येते आहे, पण सावकाश. २०२५ मध्ये पोळा २२ ऑगस्टला होता. त्याच दिवशी ऑनलाइन जुगाराला लगाम घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे खेळ त्याने बंद केले, मांजराला टोपी विकणारे नाहीत. त्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. १८ वर्षांखालच्या प्रत्येकाची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागेल, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवता येणार नाहीत, असं तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतल्या मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणजे मे २०२७ पर्यंत मुलाच्या हातातल्या मांजरावर लक्ष ठेवण्याचं काम घरातल्या माणसांचंच आहे.