वत्सगुल्मचा वाद्यमेळ
वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. इ. स. 900च्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न याच गावी लावून दिले. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाला वळवायला साहित्यविद्या देशोदेशी नवा वेश घेते, नवे नृत्य-गीत मांडते. दक्षिणेत आल्यावर तो पुरता वश होतो, आणि तिथल्या नृत्य-गीताला राजशेखर कैशिकी वृत्ती, म्हणजे लालित्याची शैली, म्हणतो. हा शब्द थेट नाट्यशास्त्रकार भरताच्या रंगभूमीवरचा. माझे म्हणणे असे, की ज्या परंपरेने वाशीमला हा मान दिला, तिच्यात वाद्यवृंदाचे संचालन हा नाटकाहून निराळा पेशा नव्हता. ते नाट्याच्या पोटातले काम होते.

गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. लग्नाच्या कथेवरून वाशीमला नाटकगृह होते असे ठरत नाही. दरबार मात्र होता. 1939 साली सापडलेल्या ताम्रपटाने वाकाटकांची वत्सगुल्म शाखा उजेडात आणली. तिचा संस्थापक सर्वसेन स्वतः प्राकृत ‘हरिविजय’चा कवी. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची कित्येक लेणी घडली. पहिल्या लेण्यातले महाजनक जातकाचे चित्र नीट पाहावे. मध्ये नर्तकी, अंगाला सुंदर बाक दिलेली. भोवती बायकाच, कुणाच्या ओठांशी आडवी बासरी, कुणाच्या हातात झांजा, कुणापुढे मृदंग. मेळाला सांभाळणारे वेगळे माणूस चित्रकाराने काढलेलेच नाही. नाट्यशास्त्रातही वादकांचा कुतप रंगमंचावरच, नेपथ्याच्या दोन दारांमध्ये बसतो. हे बसणे हाच पूर्वरंगाचा, म्हणजे नाटकाआधीच्या विधींचा, आरंभ, आणि सूत्रधाराला गीत, वाद्य, ताल यांची जाण हवीच.

सूत्रधार म्हणजे युरोपातला संचालक नव्हे, असेही कुणी म्हणेल. खरेच आहे. तिथे साठ-सत्तर वादक स्वरलेखनावरून वाजवतात, त्यांना समोर एक हात लागतोच. पण कुठे उचलायचे, कुठे थांबायचे, नटाला किती वाव द्यायचा, हे काम दोन्हीकडे तेच आहे. मराठी संगीत नाटकातही हेच दिसते. 1913 साली निघालेल्या, गायक नट बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गन, सारंगी आणि पुढे अहमदजान थिरकवांचा तबला होता. वन्स मोअर आला की त्यांचे पद नव्याने फुलायचे. त्याची मापे आधी कागदावर उतरवता येत नसत; साथीदार गाणाऱ्याच्या श्वासावर कान ठेवून समेवर येत.