बिळातली चाकरी

टेरिअर कुत्र्यांची वंशावळ शोधू जाणाऱ्यास ती इंग्लंडातील उमरावांच्या दप्तरांत सहसा गवसत नाही. कारण जमीनदारांच्या पदरचे हाउंडांचे ताफे ज्या काळी आपल्या कुळीच्या नोंदवह्यांसह डौलाने नांदत होते, त्या काळी हा लहानखुरा प्राणी शेतकरी, रानांचे राखणदार आणि उंदीर मारून मेहनताना घेणारे फिरस्ते यांच्या घरी राबत होता, आणि चाकरांच्या कुळाची नोंद ठेवण्याचा प्रघात तिकडेही नव्हता. केंब्रिजचे वैद्य जॉन कायस यांनी १५७० साली ब्रिटनमधील कुत्र्यांवर लॅटिनमध्ये जो छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोल्हा आणि बॅजर यांच्या बिळांत शिरणाऱ्या कुत्र्यांचे वर्णन आहे. पण आज आपण ज्यांना जाती म्हणतो त्यांचा तेथे मागमूस नाही.

या कामानेच त्यांचा देह घडविला. छाती अशी अरुंद, की जाणत्याच्या दोन्ही पंजांच्या वेढ्यात ती मावावी, म्हणजे कोल्हा जेथून निसटतो तेथून कुत्राही जाईल. शेपटी छाटून मूठभर राखलेली, म्हणजे खणत पोचलेल्या माणसाला तीच धरून त्याला मागे ओढता यावे. बिळात कोल्ह्याशी झुंजून त्याला ठार करणारा कुत्रा घोडेस्वार शिकाऱ्यांच्या काय कामाचा? त्याने समोर ठाकून भुंकत राहावे, कोल्ह्याला बाहेर निघण्यास भाग पाडावे, आणि तो न निघाल्यास वर जमिनीला कान लावून बसलेल्यांनी त्या आवाजाच्या रोखाने कुदळ चालवावी, असा शिरस्ता होता.

शहरांतील चाकरी निराळी, आणि माझ्या मते अधिक ओंगळ. १८३५ च्या कायद्याने बैल, अस्वले आणि बॅजर यांच्यावर कुत्रे सोडण्याच्या खेळांस मनाई झाली, तरी आखाड्यात उंदीर सोडून पैजा लावण्याचा शौक पुढे कित्येक वर्षे चालूच राहिला. यॉर्कशायर-लँकेशायरच्या गिरण्यांत पोट भरण्यासाठी आलेल्या स्कॉटिश कामगारांबरोबर त्यांचे टेरिअरही आले, आणि त्यांच्याच वंशातून, आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत केसांना रिबीन बांधून मांडीवर बसणारा यॉर्कशायर टेरिअर निपजला.

डेव्हनशायरचे पाद्री जॉन रसेल यांची ख्याती प्रवचनांपेक्षा शिकारीसाठीच अधिक होती. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना, १८१९ च्या सुमारास, त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री विकत घेतली. एका विख्यात वंशाची ही मूळमाता, पण तिला पोसणाऱ्या त्या दूधवाल्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. १८७३ साली स्थापन झालेल्या केनेल क्लबच्या आद्य सभासदांत रसेल होते, तरी स्वतःचे कुत्रे प्रदर्शनात मांडण्याचे त्यांनी टाळले. ते १८८३ साली वारले. त्याच क्लबने जॅक रसेल टेरिअर या नावाला जात म्हणून मान्यता दिली, ती २०१६ साली.