अनवाणी कंपनीची कहाणी

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. परंतु सिलिकॉनच्या चकतीवरही राज्ये उभी राहतात आणि लयाला जातात. अशाच एका अल्पायुषी राज्याची ही कहाणी.

परगावच्या लेकाला आपण शुभेच्छा धाडतो, त्या इंटरनेटवरून लहान लहान पाकिटांच्या रूपाने जातात. वाटेत जागोजाग ‘स्विच’ नावाची यंत्रे बसलेली असतात. टपालकचेरीतल्या सॉर्टरप्रमाणे प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वाचून ती त्याला योग्य दाराने पुढे लोटतात. या सॉर्टरचा मेंदू म्हणजे चिप. पण त्याला कोणती लिपी वाचता यावी, हे चिप घडवतानाच कायमचे ठरून जाई. पत्ता लिहिण्याची नवी रीत निघाली, की नव्या चिपेची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. हवे तसे शिकवता येणारी चिप करता येईल, पण ती मंद चालेल, हे त्या धंद्यातले ब्रह्मवाक्य होते.

२०१३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक निक मॅककिओन, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधले पॅट बॉसहार्ट आणि त्यांचे सहकारी यांनी एका निबंधात या ब्रह्मवाक्यालाच हात घातला. अशी चिप तितकीच वेगवान होऊ शकते आणि तिचा जादा खर्च १५ टक्क्यांहूनही कमी येईल, असे त्यांचे गणित होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ‘बेअरफूट नेटवर्क्स’ ही कंपनी निघाली. बेअरफूट म्हणजे अनवाणी! २०१४ साली चिपेला आज्ञा देण्यासाठी ‘पी-फोर’ ही भाषा जाहीर झाली. ती कुणा एका कंपनीच्या मालकीची ठेवली नाही. २०१६ साली ‘टोफिनो’ चिप जगापुढे आली. सेकंदाला साडेसहा लाख कोटी बिट्स वाहून नेण्याची तिची ताकद होती. शिवाय पाकीट कोणत्या वाटेने आले, कुठे किती खोळंबले, हेही आता त्या पाकिटावरच टिपून घेता येऊ लागले.

२०१९ साली बलाढ्य इंटेलने ही कंपनी विकत घेतली. अनवाणी पायांना सोन्याचे जोडे मिळाले, असेच कुणालाही वाटावे. पण २०२३ च्या आरंभी, काटकसरीला लागलेल्या त्याच इंटेलने टोफिनोच्या पुढच्या पिढ्यांचे काम थांबवले.

मग ही सारी धडपड वाया गेली काय? हिशेबाची वही कदाचित होय म्हणेल. इतिहास मात्र तसे म्हणणार नाही. यंत्राने काय करावे हे घडवणाऱ्यानेच ठरवायचे, की वापरणाऱ्यालाही त्यात शब्द असावा, हा खरा वाद होता, आणि तो या कंपनीने जिंकला. दुसऱ्यांच्या यंत्रांनाही आज पी-फोरमध्ये आज्ञा देता येतात. २०२५ साली खुद्द इंटेलने टोफिनोचे सॉफ्टवेअर सर्वांना खुले केले. चिपेचा वंश खुंटला. पण तिच्यासाठी घडलेली भाषा मागे राहिली. राज्ये जातात, त्यांनी पाडलेल्या वाटांवरून मात्र लोक चालत राहतात.